आतल्या माणसाला कोण अडवतो?

भालकी,
शनिवार, ७ ऑगस्ट २०१०

तीर्थरूप ईरण्णा दाजींच्या पायांशी धाकटा मेव्हणा प्रशांतकुमार याचे शरणु शरणार्थी.

(पायांशी म्हणजे इथूनच. तुम्ही पाय भालकीच्या बाजूला आणलेत त्याला आता चार वर्षं होऊन गेली, त्यामुळं अंदाजानं नमस्कार केलाय.) इकडे सगळं खुशाल आहे. आईची शुगर जिथं असायची तिथंच आहे, तूर गुडघ्याएवढी झाली, आणि बसस्टँडसमोरचं माझं झेरॉक्स-टायपिंग-इंटरनेटचं दुकान वीज असेल तेव्हा चालतं. तुमच्या मातोश्रींचा गुडघा कसा आहे, ते कळवावं. बाळ पहिलीत गेला, त्याचं इंग्रजी आम्हाला फोनवर कळत नाही, म्हणजे चांगलंच असणार. अक्काही बरीच असेल.

आता मुद्द्याचं. तुम्ही बेंगळुरात बसून बदललेल्या एका ओळीमुळं माझं लग्न अडलंय. आळंदच्या शरणप्पांचं स्थळ तुम्हाला माहीत आहे. मुलगी महानंदा, तिथल्याच शाळेत शिकवते, बघण्याच्या वेळी माझ्याकडं बघून एकदा हसली (खोकला नव्हता, मी नीट लक्ष ठेवून होतो). ती माणसं उद्या रविवारी आमचं घर बघायला येणार होती. आईनं भिंतीला चुना दिला, मी दाराला तेल घातलं. आणि काल निरोप आला की आपल्या वधू-वर मंडळाचा कागद वाचला, विचार करून कळवू. त्या कागदावर माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मला ठाऊक नाही, कारण तुमच्याच प्रोग्रामप्रमाणं मला ते बघायची परवानगी नाही (छापलेले कागद पाकिटांतून गेले, आणि छापून झाल्यावर प्रोग्राम ते ठेवत नाही). माझ्याबद्दल काय लिहिलंय ते आळंदला ठाऊक, उद्या उमरग्यालाही कळेल, फक्त मला नाही. ही चूक कशी झाली ते सविस्तर लिहितो. सविस्तर अशासाठी की तुम्हाला दुरुस्त करायला बरं पडेल, आणि अशासाठीही की फोनवर तुम्ही ‘शॉर्टमध्ये सांग’ म्हणता.

गेल्या बसव जयंतीला तुम्ही आपल्या वधू-वर सूचक मंडळाला वेबसाइट करून दिलीत. फुकट दिलीत हे मंडळ विसरलेलं नाही, आणि तुम्हीही कुणाला विसरू दिलेलं नाही. सत्काराला तुम्हाला यायला जमलं नाही, म्हणून अध्यक्ष तिप्पण्णा अप्पांनी शाल मॉनिटरला पांघरली आणि नारळ सीपीयूपुढं फोडला. अर्धं पाणी आत गेलं, ते वाळवण्यात माझे दोन दिवस गेले (त्याबद्दल सत्कार नाही). पण परवानग्यांची तुमची रचना चांगली होती हे मी कुणापुढंही कबूल करीन. पालकानं लॉगिन केलं तर त्याला जुळणारी स्थळं तेवढी दिसणार. मी ऑपरेटर, मला सगळ्यांची माहिती भरता येणार. आणि प्रत्येक फाइलच्या तळाला ‘शेरा’ म्हणून एक रकाना, तो फक्त अध्यक्षांना. कारण आपल्याकडं बायोडाटा कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको, तुमचाही मी वाचलाय. खरं काय ते तिप्पण्णा अप्पांना ठाऊक असतं. तीस वर्षं डाळीच्या आडतीवर बसून त्यांनी तूर आणि माणसं दोन्ही मूठभर उचलून बघितली आहेत. शेरा लिहायची वेळ आली की ते मला चहा सांगायला बाहेर पाठवतात आणि एका बोटानं टाइप करतात. एका शेऱ्याला दोन चहा लागतात.

गडबड दारात झाली नाही, आत झाली. दर सोमवारी सकाळी दहाला तुमचा जुळवणीचा प्रोग्राम आपोआप उठतो, शेजारी फाइली सांभाळणारा प्रोग्राम आहे त्याच्याकडं जातो (दोघं एकाच सर्व्हरवरचे, म्हणजे एकाच घरातले), स्थळं मागून घेतो आणि एकशे त्रेचाळीस घरांसाठी कागद तयार करतो. ते मी छापतो, पाकिटात घालून डिंक लावतो आणि टपालात टाकतो. आपल्याकडं ईमेल असणारी मुलं सगळी पुण्याला आणि सोयरीक ठरवणारी माणसं सगळी हळ्ळीखेडला, त्यामुळं टपालाशिवाय गत नाही. तर जुलैच्या शेवटच्या सोमवारी प्रिंटर आल्यावर पहिल्यांदा हे सगळं चालू केलं. जुळवणी फाइलींकडं गेली. फाइलींनी विचारलं, तू कोण? आता ती बिचारी आपोआप उठलेली, तिनं लॉगिन कुठून केलेलं असणार? ती पालक नाही, ऑपरेटर नाही, अध्यक्ष तर नाहीच. फाइलींनी तिला उंबऱ्यावरच उभं केलं आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर दिलं. तेच उत्तर जुळवणीनं इमानेइतबारे रकान्यात भरलं, आणि मी न वाचता डिंक लावला.

दोन दिवसांत घरोघरी कागद पोचले: वधूचे नाव, परवानगी नाही. शिक्षण, परवानगी नाही. वडिलांचा व्यवसाय, परवानगी नाही. हळ्ळीखेडचे एक म्हातारे काठी घेऊन सकाळच्या पहिल्या बसनं माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, “माझ्या नातीच्या शिक्षणाला परवानगी न देणारा कोण हाय त्यो? डी.एड. झालीय की पोरगी! आता कामून परवानगी न्हाई?” त्यांना शांत करायला मला त्यांच्या नातीची मार्कलिस्ट तीनदा फुकट झेरॉक्स करून द्यावी लागली. दुसरे एक गृहस्थ मठात जाऊन विचारून आले की लग्नांवर काही बंदी आलीय का. औरादकडच्या एका बाईंनी मात्र तो कागद देव्हाऱ्यात ठेवला म्हणतात, कारण वरपक्षापुढं ‘अपेक्षा: परवानगी नाही’ असं छापून आलेलं त्यांनी जन्मात पहिल्यांदा वाचलं.

मग मी तुम्हाला फोन केला. तुम्ही मीटिंगमध्ये होता, तरी उचललात, हे उपकार. मी सगळं सांगितल्यावर तुम्ही हसलात आणि म्हणालात, “अरे, आतला कॉल हाय त्यो. घरातल्या घरात कोण चेक करत बसतंय? आतून आलेल्याला अध्यक्षाचे सगळे राइट्स देऊन टाकतो. एक ओळ हाय.” आणि दिलेत. सात मिनिटं लागली, त्यात तुमची कॉफी पण झाली. मी म्हणालो, दाजी, जरा तपासून घेऊ या का? त्यावर तुम्ही जे इंग्रजीत म्हणालात ते मी आईला सांगितलेलं नाही.

आता राग मानू नका, पण एवढं शिकून, एवढ्या उंच इमारतीत बसून तुम्ही शेवटी भालकीचाच कायदा लावलात. आपल्या मुलखात आतल्या माणसाला कोण अडवतो? लग्नाच्या मांडवात पुढच्या दारानं गेलं तर चार जण विचारतात, कुणाकडचे तुम्ही? आचाऱ्याच्या बाजूनं हातात पळी घेऊन गेलं तर कुणी बघत पण नाही. आपल्या मंडळाचाच एक सभासद (नाव लिहीत नाही, तुमचा लांबचा काका लागतो) एका हंगामात अशी अकरा लग्नं जेवला, आणि त्यातल्या दोन ठिकाणी त्यानं आहेरही घेतला. कचेरीत बघा, मार्केट यार्डात बघा, काउंटरसमोर उभा आहे तो चोर आणि काउंटरमागं उभा आहे तो साव. तुमचा सर्व्हर त्याच वळणावर गेला. त्यानं एवढंच बघितलं की हाक घरातून आलीय, आणि कपाटाच्या सगळ्या किल्ल्या काढून दिल्या.

या सोमवारी, दोन तारखेला, कागद छापले. या वेळी मी वाचून बघितलं, आईची शपथ. सगळ्यात वरचा कागद वाचला. नाव होतं, शिक्षण होतं, गाव होतं. पण तो तुम्ही चाचणीसाठी भरलेल्या खोट्या मुलीचा कागद होता आणि तिला शेरा नव्हता, कारण तिला तिप्पण्णा अप्पांनी कधी बघितलेलंच नाही. मी खुशीत एकशे त्रेचाळीस पाकिटांना डिंक लावला.

बुधवारी दुपारपर्यंत तिप्पण्णा अप्पांच्या आडतीसमोर एवढी माणसं जमली की तुरीचा भाव वाढलाय असं समजून दोन दलालही येऊन उभे राहिले. प्रत्येकाच्या हातात कागद, आणि कागदाच्या तळाला शेरा. ‘मुलगा पुण्याला कंपनीत आहे हे खरं. कंपनीच्या गेटवर आहे.’ ‘वय एकतीस लिहिलंय. मी याच्या बारशाला जेवलोय, छत्तीस होतात.’ ‘मुलगी गुणी. आईला आधी भेटावे, मग ठरवावे.’ ‘हुंडा नको म्हणतात. मोटारसायकलीचा रंग मात्र सांगून ठेवलाय.’ ‘बसववचनं तोंडपाठ, स्टेजवर जात मानत नाहीत, घरी आल्यावर पोटजात विचारतात.’ (हा शेरा सगळ्यात जास्त घरांना लागू होता, म्हणून त्यावर सगळ्यात जास्त ओरडा झाला. आपलं नाव नसलेल्या कागदावरूनही माणसं भांडत होती.) अप्पा गादीवरून हलले नाहीत. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि शांतपणे सांगितलं, “मी कुठं लिवलंय? मशीननं लिवलंय. मशीनला समदं कळायलंय आता, त्याला मी काय करू?”

आणि दाजी, लोकांनी मानलं! बुधवारी ज्यांनी आडतीवर मशीनच्या नावानं शिव्या दिल्या, त्यातलेच शुक्रवारी माझ्या दुकानात हळूच येऊन विचारू लागले की त्या अमक्या घरचा शेरा काय आहे हो? स्वतःबद्दलचं छापलं तर ती बदनामी, दुसऱ्याबद्दलचं छापलं तर ती माहिती. उदगीरकडची सहा घरं नव्यानं नोंदवायला आली, का तर भालकीचं मशीन खरं सांगतं. मी त्यांना सांगायला गेलो की मशीनला काही कळत नाही, आतल्या कॉलला जास्तीची परवानगी मिळालीय. ते एकमेकांकडं बघून म्हणाले, ऑपरेटरला कळत नसेल.

याच्यावरचा उपाय मला तुमच्या कुठल्या पुस्तकात सापडला नाही, शिवय्या स्वामींकडं सापडला. ते चाळीस वर्षं सोयरिकी जमवतात, कंप्युटरला अजून ‘डबा’ म्हणतात. मी त्यांना घडलं ते सांगितलं. ते म्हणाले, “मला बी कुणी अडवत न्हाई रे. सैपाकघरापातूर जातो मी. पर आत गेल्याबरोबर पैलं सांगतो, अमक्याच्या वतीनं आलोय म्हून. मग त्याला जेवढं दावायचं तेवढंच ते मला दावतेत, आन् तेवढंच मी घिऊन निघतो. वळख हाय म्हून कुणी पेटीची किल्ली देत असतंय व्हय?” दाजी, तुमच्या त्या एका ओळीच्या जागी हे लिहा. जुळवणी आत गेली की तिला नुसतं ‘घरातली’ म्हणून सोडू नका आणि ‘कुणीच नाही’ म्हणून उंबऱ्यावरही उभं करू नका. ती कुणाच्या वतीनं आलीय ते नाव तिनं सोबत नेलं पाहिजे. हळ्ळीखेडच्या म्हाताऱ्यांसाठी मागत असेल तर त्या म्हाताऱ्यांना जे दिसतं तेच तिला दिसावं, एक अक्षर जास्ती नाही. शिवय्या सातवी शिकलेत. तुमचं पॅकेज किती आहे ते मी त्यांना सांगितलं नाही, उगीच वाईट वाटलं असतं.

तर एवढं करावं, आणि माझ्या फाइलवर अप्पांनी काय लिहिलंय ते बघून मला कळवावं. तुम्हाला सगळं दिसतं. अप्पांना विचारलं तर ते म्हणाले मशीनला विचार. मातोश्रींना शरणार्थी, बाळाला आशीर्वाद, अक्काला नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
प्रशांतकुमार

ता. क. १ (रविवार): पाकिटाला डिंक लावणार तेवढ्यात शिवय्या आळंदहून आले. शरणप्पांनी त्यांच्याकडं माझा कागद परत पाठवलाय, त्यामुळं आता तुम्ही तसदी घेऊ नये. शेरा उतरवून देतो: ‘मुलगा सरळ, निर्व्यसनी. कमाई बेताची पण स्वतःची. एक गोष्ट. थोरली बहीण बेंगळूरला दिलीय, ती चार पंचम्या माहेरी आलेली नाही. का, ते विचारून घ्यावे.’ कमाईचं शरणप्पांना काही वाटलं नाही. त्यांचा निरोप असा की ज्या घराला आपली लेक आणणं जमत नाही, ते घर उद्या आमची लेक आमच्याकडं पाठवील कशावरून? आणि शिवय्या निघाले तेव्हा महानंदानं स्वतः दारात येऊन त्यांना विचारलं, “बहिणीला आणायला मुराळी कोण गेलतं?”

दाजी, कुणीच गेलं नव्हतं. पहिल्या नागपंचमीला तुमच्या मातोश्रींचा गुडघा होता, दुसरीला बाळाला ताप होता, तिसरीला तुमच्या कंपनीत सॉफ्टवेअरचा रिलीज होता आणि गेल्या वर्षी रिझर्वेशन नव्हतं. प्रत्येक वेळी मी इथून फोन करून विचारलं, पाठवता का? तुम्ही म्हणालात, बघू. मी आईला सांगितलं, बघू म्हणालेत. आई दर वर्षी लाडू करते आणि झोक्याचा दोर काढते, गल्लीतल्या पोरी झोका खेळून घरी जातात. तुमच्यावर रागवायचं म्हणून मी काल एवढी पानं लिहिली, पण तो प्रश्न महानंदानं मला विचारलाय. बहीण माझी. मला तिची आठवण येते, आणि चार वर्षं मी फोन खाली ठेवून गिऱ्हाइकाची झेरॉक्स काढत बसलो.

ता. क. २ (मंगळवार): प्रोग्रामची घाई नाही. तिप्पण्णा अप्पा म्हणतात, राहू द्या तसाच, नोंदणी वाढलीय. तुम्ही दुरुस्त केलात तर त्यांना सांगू नका.

ता. क. ३ (बुधवार, सकाळी आठ): हे तुमच्या गल्लीतल्या चहाच्या गाड्यावर उभा राहून लिहितोय, म्हणून अक्षर असं आहे. पत्र टपालात टाकलं नाही. शनिवारी पंचमी आहे, मुराळी म्हणून मीच आलोय, आणि पाच मिनिटांत हे तुमच्या हातात देऊन तुमच्या हॉलमध्ये बसणार आहे. अक्काला कालच फोन केला होता. तिनं का, कशाला, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, “किती वाजता यायलास?” आणि मग म्हणाली की त्यांना प्रोग्राममधली चूक लिहून दे, शेवटपर्यंत वाचल्याशिवाय ते मान वर करत न्हाईत. तिला बॅग भरायला आणि बाळाचे बूट शोधायला अर्धा तास लागतो. पत्र आधीच लिहून तयार होतं, म्हणून त्यातली एक ओळही कमी केली नाही. आता मान वर केलीत तरी चालेल, दाजी. आम्ही चपला घालतोय.